बर्फावरचे हात : हातमोज्यांच्या निवडीची आठ शतके

१.
स्केटिंग हा पायांचा खेळ आहे, असा सर्वसाधारण समज आहे. पाते पायाखाली असते, तोल पायावर सांभाळायचा असतो, वेगही पायांतूनच येतो. तरीही बर्फावर उतरणाऱ्या माणसाला प्रत्येक काळात आणखी एक प्रश्न सोडवावा लागला : हातांचे काय करायचे? आज दुकानात हातमोजे निवडताना जो विचार करावा लागतो, त्यामागे या प्रश्नाचा आठशे वर्षांहून अधिक जुना इतिहास आहे. हा धागा त्या इतिहासाचा.

२.
पहिला ठळक पुरावा बाराव्या शतकातील लंडनचा. विल्यम फिट्झस्टीफन या लेखकाने थॉमस बेकेटच्या चरित्राला जोडून त्या काळच्या लंडनचे वर्णन केले आहे. शहराच्या उत्तरेकडील दलदल हिवाळ्यात गोठली की तरुण मंडळी जनावरांच्या नडगीची हाडे पायांखाली बांधत आणि बर्फावर धाव घेत. पायांखालच्या हाडाला धार नव्हती, त्यामुळे पायाने रेटा देता येत नसे. सगळा जोर हातातल्या काठीवर. काठीच्या टोकाला लोखंड बसवलेले असे आणि तेच बर्फात रोवून माणूस पुढे सरके.

३.
म्हणजे आरंभीच्या स्केटिंगमध्ये हात हेच इंजिन होते. फिट्झस्टीफन पुढे असेही नोंदवतो की ही मुले काठ्या उगारून एकमेकांवर चाल करीत, पडत, कुणाचा हात मोडे तर कुणाचा पाय, आणि डोके बर्फावर घासले तर कातडी सोलून निघे. खेळ आणि दुखापत यांचे नाते इतके जुने आहे.

४.
मोठा बदल नेदरलँड्सच्या परिसरात घडला. लाकडी पट्टीखाली लोखंडी पाते बसवण्याची रीत तेथे मध्ययुगाच्या उत्तरार्धात रूढ झाली. पात्याच्या कडेने बर्फाला तिरका रेटा देता येऊ लागला आणि काठीची गरज संपली. पाय स्वयंपूर्ण झाले, हात मोकळे झाले. त्याच वेळी बर्फावर एक नवी वस्तू अवतरली होती : धार. या धारेशी हातांची गाठ पुढे अनेकदा पडणार होती.

५.
डच लोकांना या खेळातली जोखीम ठाऊक होती. स्खीडाम गावची लिडविना ही किशोरवयीन मुलगी चौदाव्या शतकाच्या अखेरीस बर्फावर पडली आणि तिची बरगडी मोडली. त्यानंतर १४३३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती अंथरुणालाच खिळून राहिली. पुढे कॅथलिक परंपरेत ती स्केटिंग करणाऱ्यांची रक्षक संत ठरली. तिच्या पडण्याचे १४९८ मधील लाकूडठशाचे चित्र हे स्केटिंगच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक मानले जाते. एका खेळाच्या प्रारंभीच्या चित्रातच खेळाडू जमिनीवर आहे, ही नोंद घेण्याजोगी बाब.

६.
सतराव्या शतकात युरोपातील हिवाळे अधिक कडक होते. इतिहासकार त्या कालखंडाला ‘लघु हिमयुग’ म्हणतात. हेंड्रिक अव्हरकॅम्प (१५८५–१६३४) या कांपेनच्या मूकबधिर चित्रकाराने गोठलेल्या कालव्यांवरचे जनजीवन रंगवले. त्याच्या बर्फावर श्रीमंत-गरीब, म्हातारे-पोरे सगळेच दिसतात : काठीने चेंडू टोलवत कोल्फ खेळणारे, ओझे वाहणारे, पडलेले आणि पडता पडता सावरणारे. हिवाळ्यात कालवा हाच रस्ता झालेल्या समाजात स्केट हे करमणुकीइतकेच वाहतुकीचेही साधन होते. अशा वाटसरूला हातमोजा हवा होता तो एकाच कारणासाठी : थंडी.

७.
थंडीशी झुंजताना विणकामाची बुद्धी पणाला लागली. उत्तर युरोपात चार बोटांना एकच कप्पा आणि अंगठ्याला वेगळा, असे लोकरीचे मोजे रूढ झाले. कारण साधे आहे. बोटे एकत्र राहिली की एकमेकांना ऊब देतात आणि हवेला उघडा पडणारा पृष्ठभाग कमी होतो. नॉर्वेतील सेल्बू या गावाच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या मोज्यांत आणखी एक युक्ती आहे. ते दोन रंगांच्या लोकरीने विणतात, आणि ज्या रंगाचा टाका दर्शनी नसेल तो धागा मागच्या बाजूने ओढला जातो. आठ पाकळ्यांची नक्षी डोळ्यांना सुखावते, आणि मागे साचलेला धाग्यांचा दुसरा थर हाताला ऊब देतो.

८.
लोकरीचा दुसरा गुण बर्फावर विशेष मोलाचा. ती ओली झाली तरी बरीचशी ऊब टिकवते. सुती कापडाचे तसे नाही. ते भिजले की अंगाला चिकटते आणि उष्णता झपाट्याने शोषून घेते. स्केटिंग करणारा वारंवार पडतो, हात बर्फावर टेकतो, बर्फाचा चुरा वितळून मोजा भिजतो. म्हणून घरी उबदार वाटणारा सुती मोजा बर्फावर अर्ध्या तासात दगा देतो.

९.
अठराव्या शतकात ब्रिटनमधील उच्चवर्गाने या खेळाला शिष्टाचाराची चौकट दिली. एडिंबरा येथील राष्ट्रीय कलादालनात एक प्रसिद्ध चित्र आहे. काळ्या पोशाखातले धर्मगुरू रॉबर्ट वॉकर डडिंगस्टन तळ्यावर एका पायावर तोल सांभाळून सरकत आहेत. सर हेन्री रेबर्न यांच्या नावे असलेले हे चित्र १७९० च्या दशकातले. त्यात पाहण्याजोगे आहेत ते हात : दोन्ही छातीशी घडी घातलेले. तोल सावरण्यासाठी आपल्याला हातांची गरज पडत नाही, हेच जणू ती घडी सांगते.

१०.
एकोणिसाव्या शतकातील युरोपीय चित्रांत स्केटिंग करणाऱ्या स्त्रियांच्या हातांत अनेकदा ‘मफ’ दिसतो. मफ म्हणजे फरची आखूड नळी. दोन्ही बाजूंनी हात आत घालायचे आणि ऊब घ्यायची. डौलदार पेहरावाचा तो भाग होता. पण त्यात दोन्ही हात एकत्र अडकलेले असत. तोल गेला तर ते बाहेर काढायला क्षणभराचीही उसंत मिळणे कठीण. सभ्यतेच्या कल्पनेने हातांना बांधून ठेवण्याचे हे आणखी एक उदाहरण.

११.
याच शतकात हातांचे खरे मोल दाखवणारी दुर्घटना घडली. १५ जानेवारी १८६७ रोजी लंडनच्या रीजंट्स पार्कमधील तळ्यावरचा बर्फ फुटला. सुमारे २०० माणसे पाण्यात पडली आणि ४० जण मृत्युमुखी पडले. जड हिवाळी कपडे, पायांना बांधलेले स्केट आणि सुमारे १२ फूट खोल पाणी. काठ हाती लागला तरी ओल्या बर्फावर बोटे टिकत नाहीत आणि कडा तुटत जाते. या घटनेनंतर तळ्याची खोली कमी करण्यात आली.

१२.
नैसर्गिक बर्फावर दूरवर जाणारे अनुभवी लोक आजही गळ्यात दोन लहान मुठी अडकवतात. त्यांच्या टोकांना अणकुचीदार खिळे असतात. पाण्यात पडल्यास ते बर्फात रोवून माणूस स्वतःला बाहेर खेचतो. बाराव्या शतकातील लोखंडी टोकाची काठी जणू आकाराने लहान होऊन गळ्यात आली. येथे हातमोज्याच्या निवडीला नवी अट लागते : मोजा इतका जाड नसावा की संकटात मूठच आवळता येऊ नये.

१३.
थंडी आणि बोटांची हालचाल यांतला हा झगडा सर्वांत तीव्रपणे दिसतो तो नेदरलँड्सच्या फ्रीसलंड प्रांतात. ‘एल्फस्टेडेनटोख्त’ म्हणजे अकरा शहरांची फेरी. गोठलेल्या कालव्यांवरून सुमारे २०० किलोमीटर. १९०९ मध्ये पहिली अधिकृत फेरी झाली. बर्फ पुरेसा जाड झाला तरच ती होते, म्हणून शंभरहून अधिक वर्षांत ती अवघी १५ वेळा झाली. शेवटची ४ जानेवारी १९९७ रोजी.

१४.
या फेरीत प्रत्येकाजवळ एक कार्ड असते. वाटेतील शहरांत थांबून त्यावर शिक्का घ्यायचा आणि मध्यरात्रीपूर्वी परत पोहोचायचे. शिक्के पूर्ण असतील तरच मानाचा लहानसा क्रॉस मिळतो. काम साधे वाटते. पण कार्ड खिशातून काढायचे तर बोटे हलली पाहिजेत. जाड मोजा काढावा तर हात गोठतो, काढला नाही तर कार्ड निघत नाही. प्रत्येक शिक्क्यापाशी हीच अडचण.

१५.
१८ जानेवारी १९६३. पहाटेचे तापमान उणे १८ अंश, पूर्वेचा बोचरा वारा, कालव्यांवर वाहून आलेला हिमाचा थर. हौशी गटातील ९,२९४ जणांपैकी अवघे ६९ जण फेरी पूर्ण करू शकले. शर्यतीचा विजेता राइनिअर पापिंग याला १० तास ५९ मिनिटे लागली. डच लोक त्या दिवसाला आजही ‘त्रेसष्टचा नरक’ म्हणतात.

१६.
स्केटिंग करणाऱ्याच्या बाबतीत एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. हवा स्थिर असली तरी त्याचा वेग स्वतःच वारा निर्माण करतो. उणे १८ अंशांत ताशी १८ किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या उघड्या त्वचेला, शीतवाऱ्याच्या आजच्या सूत्रानुसार, सुमारे उणे २७ अंशांइतकी थंडी जाणवते. शरीर अशा वेळी हृदय-मेंदू वाचवण्यासाठी बोटांकडचा रक्तपुरवठा कमी करते. बोटे आधी दुखतात, मग बधिर होतात, आणि वेदना थांबली की माणसाला वाटते धोका टळला. प्रत्यक्षात हिमदंश तेथूनच सुरू होत असतो.

१७.
याच फेरीने हातांचे एक हृद्य चित्रही दिले. १९४० मध्ये आघाडीवरच्या पाच जणांनी एकत्रच अंतिम रेषा ओलांडण्याचा करार केला. आयोजकांनी पुढे असे करण्यास मनाई केली. तरीही १९५६ मध्ये पाच जण हातात हात घालून रेषेपार गेले. त्या वर्षी कुणालाच विजेता घोषित करण्यात आले नाही. जवळपास २०० किलोमीटर एकमेकांच्या आडोशाने वारा झेलत आलेल्या माणसांना शेवटच्या काही फुटांत हात सोडवेना.

१८.
दरम्यान खेळ छपराखाली आला होता. १८७६ मध्ये जॉन गॅमजी यांनी लंडनमध्ये ‘ग्लेशिएरियम’ हे यंत्राने गोठवलेल्या बर्फाचे मैदान उघडले. १८९२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना स्थापन झाली. भारतात शिमल्याचे नैसर्गिक बर्फाचे मैदान १९२० पासून चालत आले आहे. बंदिस्त मैदानात हिमदंशाची भीती उरली नाही. पण गर्दी वाढली, जागा आकसली, आणि थंडीची जागा दुसऱ्या शत्रूने घेतली : शेजाऱ्याच्या पायाखालचे पाते.

१९.
शॉर्ट ट्रॅक या प्रकारात हे सर्वांत स्पष्ट दिसते. १११.१२ मीटरची लंबगोल धाव, अनेक खेळाडू एकाच वेळी, वेगळ्या मार्गिका नाहीत. १९९२ च्या आल्बेर्व्हिल ऑलिंपिकपासून यात पदके दिली जातात. वळणावर खेळाडू इतका आत झुकतो की डावा हात बर्फाला टेकतो. पाती दीडएक मिलिमीटर रुंदीची आणि धारदार. कुणी घसरला की पाय हवेत फिरतात आणि पात्याची दिशा कुणाच्याच ताब्यात राहत नाही.

२०.
ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्हन ब्रॅडबरीला १९९४ मध्ये माँट्रिऑल येथील स्पर्धेत हे भोगावे लागले. दुसऱ्या खेळाडूचे पाते त्याच्या मांडीत शिरले. सुमारे चार लिटर रक्त गेले, १११ टाके पडले. तोच ब्रॅडबरी २००२ मध्ये, पुढचे सगळे स्पर्धक शेवटच्या वळणावर कोसळल्यावर, मागून शांतपणे येऊन ऑलिंपिक सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. लोकांना त्याचे नशीब आठवते, त्यापूर्वीचे टाके फार थोड्यांना.

२१.
अशा खेळात लोकर निरुपयोगी. येथे मदतीला आले रसायनशास्त्र. १९६५ मध्ये ड्यूपाँट कंपनीत संशोधक स्टेफनी क्वोलेक यांना एका गढूळ द्रावणातून विलक्षण बळकट धागा मिळाला. तोच पुढे केवलार झाला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस डीएसएम या डच कंपनीच्या संशोधकांनी पॉलिथिलीनपासून डायनिमा हा धागा काढला. दोहोंत लांबलचक रेणू एकाच दिशेने रचलेले असतात, म्हणून धार सहज आत शिरत नाही. कालव्यांवर लोखंडी पाते रुळवणाऱ्या देशातूनच त्या पात्याला अडवणारा एक धागा यावा, हा योगायोग सुखद आहे.

२२.
शॉर्ट ट्रॅकच्या डाव्या मोज्यात आणखी एक कारागिरी असते. बोटांच्या टोकांवर कडक, गुळगुळीत राळेचा लेप देतात. वळणावर बोटे बर्फाला टेकली की साधे कापड घासते, अडते, फाटते. लेप दिलेली टोके मात्र बर्फावरून सरकतात. म्हणजे हात पुन्हा एकदा साधन झाला. काठी गेल्यानंतर कित्येक शतकांनी हात बर्फाशी थेट बोलू लागला, पण आता रेटण्यासाठी नव्हे, तोलाचा अंदाज घेण्यासाठी.

२३.
नियमांकडे पाहिले तर एक सूत्र हाती लागते. लांब पल्ल्याच्या वेगवान स्केटिंगमध्ये दोघेच आपापल्या मार्गिकेत धावतात. तेथे अनेक जण उघड्या हातांनी, हात पाठीवर ठेवून जातात. पण २०१८ पासून ऑलिंपिकमध्ये आलेल्या ‘मास स्टार्ट’ शर्यतीत सगळे एकत्र निघतात, आणि तेथे शिरस्त्राणासह कापरोधक मोजे आवश्यक ठरतात. खेळ तोच, बर्फ तोच, वेगही जवळपास तोच. फरक आहे तो शेजारी किती जण आहेत याचा.

२४.
फिगर स्केटिंगची गोष्ट निराळी. जोडीने खेळणाऱ्यांना एकमेकांचा हात घट्ट पकडावा लागतो. निसरडा मोजा तेथे घातक, म्हणून स्पर्धेत ते बहुधा उघड्या हातांनीच उतरतात. स्वित्झर्लंडची १९८१ ची विश्वविजेती डेनिस बीलमन हिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गिरकीत खेळाडू मागचा पाय डोक्यावर नेऊन पातेच हाताने धरते. सरावात तळहात वाचवायला पातळ, पकड देणारा मोजा उपयोगी पडतो. जाड मोजा मात्र पात्याचा स्पर्शच कळू देत नाही.

२५.
आणि एक मर्यादा, जी कोणताही मोजा ओलांडू शकत नाही. पडताना माणूस सहजप्रेरणेने हात पुढे करतो आणि सगळा भार मनगटावर येतो. या प्रकारच्या अस्थिभंगाचे वर्णन डब्लिनचे शल्यवैद्य अब्राहम कॉलेस यांनी १८१४ मध्ये केले, आणि त्याला आजही त्यांचेच नाव आहे. मोजा कातडी वाचवतो, हाड नाही. हाड वाचते ते पडण्याची रीत शिकल्याने : गुडघे वाकवायचे, कुशीवर जायचे, हात आखडून घ्यायचे.

२६.
तर आज हातमोजे निवडायचे कसे? इतिहासाचे उत्तर असे : आधी शत्रू ओळखावा. उघड्या तळ्यावर थंडी आणि वारा, म्हणून आत लोकर आणि वर वारा अडवणारा थर. छपराखालच्या गर्दीत पाती, म्हणून घट्ट विणीचा, बोटांवर नेमका बसणारा आणि मनगट झाकणारा मोजा. शर्यतीत कापरोधक धाग्याचा. नवशिक्याने सुती टाळावा, सैल टाळावा, आणि पहिली जोडी भिजली तर बदलायला दुसरी जवळ ठेवावी. स्केटची नाडी बांधता येत नसेल इतका जाड मोजाही कामाचा नाही. कापरोधक याचा अर्थ अभेद्य असा होत नाही, हेही विसरू नये.

२७.
जगभरच्या मैदानांवर लहान मुलांना पहिल्या काही धड्यांतच एक गोष्ट शिकवली जाते. पडलात तर बोटे पसरून बर्फावर ठेवू नका. मूठ मिटा, हात पोटाशी घ्या, मग उठा. मागून कुणीतरी येत असते आणि त्याच्या पायाखाली धार असते. मोजा चांगला असो वा साधा, ही सवय त्याच्या आधी लागते. लाल-निळे मोजे घातलेल्या इवल्या मुठी बर्फावर घट्ट मिटलेल्या दिसल्या, की समजावे, धडा नीट पोहोचला.

(धागा समाप्त)